माहेरची वंशावळ

आमच्या गोव्यात देवळांना महाजन असतात. देवळाची मालकी आणि कारभार ज्या घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आला ते महाजन. पोर्तुगीज काळापासून त्यासाठी माझानीचा कायदा आहे आणि देवस्थानाकडे महाजनांची नोंदवही असते. मुलगा वयात आला की अर्ज द्यायचा, बापाचे नाव वहीत कुठे आहे ते दाखवायचे आणि त्याखाली आपले नाव चढवून घ्यायचे. आमच्या घराण्याचे सात पिढ्यांचे कागद माझ्याकडे आहेत. मी सरकारी कारकून, त्यामुळे घरातले सगळे जुने कागद आपोआप माझ्याच कपाटात येऊन पडतात. या सात पिढ्यांत एकही बाई नाही. परक्या माणसाने वाचले तर त्याला वाटेल, यांच्याकडे पुरुषांनाच पुरुष झाले.

ही गोष्ट आमच्याकडे कुणाला खटकत नाही. वहीचा उपयोग पालखीच्या मानापुरता आणि कमिटीच्या निवडणुकीपुरता. पण २०२२ साली मला एक दुसरी वंशावळ तयार करावी लागली, आणि तिच्यात नेमक्या बायकाच हव्या होत्या.

माझी आतेबहीण बेळगावला दिलेली. वय तेव्हा ५१. पोट फुगल्यासारखे वाटते, दोन घास खाल्ले की भरते, अशी तिची तक्रार. चार महिने ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग पोटात पाणी असल्याचे निघाले आणि पुढचे सगळे भराभर झाले. अंडाशयाचा कर्करोग, तिसरी पायरी. ऑपरेशन झाले, केमो सुरू झाली. डॉक्टरांनी तिचे रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवले आणि अहवाल आला की बीआरसीए-१ नावाच्या जनुकात दोष आहे, आणि तो जन्मापासूनचा, म्हणजे आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून आलेला. मुंबईच्या समुपदेशक बाईंनी तिच्याकडे आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती मागितली. तिची आई, म्हणजे माझी आत्या, १९९४ साली स्तनाच्या कर्करोगाने गेली, ४९ व्या वर्षी. त्यामुळे बाईंचे लक्ष साहजिकच आईच्या बाजूकडे गेले.

"अरे, आजोळचे कागद तुझ्याकडेच आहेत ना?" बहिणीने फोनवर विचारले. आहेत, मी म्हणालो. सात पिढ्या आहेत.

त्या वंशावळीची पद्धत मला कारकून म्हणून फार आवडली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला रोग झाला त्याची आकृती काळी करायची. जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ मारायची. जिच्यापासून चौकशी सुरू झाली तिच्याकडे बाण दाखवायचा. बाजूला वय आणि रोग लिहायचा. जगभर हीच खूण चालते. मी कागद घेऊन बसलो आणि तासाभरात माझ्याकडे चौकोनच चौकोन झाले. वर्तुळे चार. त्यांतल्या दोघींची नावेसुद्धा अर्धवट.

म्हणून थोरल्या काकीकडे गेलो. काकी तेव्हा ८४ वर्षांची. आमच्या घरात सून म्हणून आली ती १९५६ साली, आणि दोनच वर्षांनी तिची सासू, माझी आजी, वारली. आजी कशाने गेली असे घरात कुणालाही विचारले तर "पोटाच्या दुखण्याने" एवढेच उत्तर मिळायचे. काकी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सासूमांयच्या पोटांत उदक जाल्लें." आणि मग तिने ते सांगितले जे साठ-पासष्ट वर्षांत कुणी तिला विचारले नव्हते.

आजी ४६ वर्षांची. घरात नवी सून आलेली, मोठा मुलगा संसाराला लागलेला. आणि तिचे पोट दिसू लागले. वाड्यावरच्या बायका आपसात हसल्या, या वयात! आजीने विहिरीवर जाणे सोडले. मग देवदर्शनाला जाणे सोडले. लुगडे सैल नेसायची. जेवण जाईना तेव्हा सगळ्यांना डोहाळेच वाटले. देवाला कौल लावला, प्रसाद उजवा झाला, सगळे निर्धास्त झाले. हातपाय काडीसारखे होत गेले आणि पोट तेवढे वाढत गेले तेव्हा मग वैद्य आला, आणि तो म्हणाला जलोदर. "तिका लज दिसताली," काकी म्हणाली. तिला लाज वाटत होती. आजी गेली ती त्या लाजेतच. मरणाला कारण झाले ते पोटातले पाणी, पण तिला आतून खाल्ले ते बहुधा वाड्यावरच्या हसण्याने.

पोर्तुगीज भाषेतली तिच्या मृत्यूची नोंद मी शोधून काढली. तीत तारीख आहे, वय आहे, नवऱ्याचे नाव आहे. तिचे स्वतःचे नाव आहे ते लग्नानंतर ठेवलेले. माहेरचे नाव कुणालाच सांगता आले नाही. शेवटी वडिलांच्या जन्माची नोंद उपयोगी पडली. पोर्तुगीज पद्धतीत मुलाच्या जन्मनोंदीत आईच्या आईबापांचीही नावे लिहीत. त्यावरून आजीचे पेडण्याकडचे माहेर सापडले, आणि त्या घरातून कळले की आजीची एक बहीण ऐन चाळिशीत "थानाच्या गाठीने" गेली होती. मी आणखी एक वर्तुळ काढले आणि काळे केले.

आता आजी, तिची बहीण, आत्या आणि आतेबहीण, चार काळी वर्तुळे एका रेषेत आली. कागद भिंतीवर टाचून लांबून पाहिले तर लहान पोरालाही कळले असते.

हा दोष म्हणजे नेमके काय, हे मी माझ्या पद्धतीने समजून घेतले. मी कलाशाखेचा माणूस, विज्ञान दहावीला सुटले. पण नक्कल म्हणजे काय ते मला कळते. आमच्या कार्यालयात मूळ नोंदीची नक्कल देतात. शरीरातही तेच चालते. प्रत्येक पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो आणि पेशी दुभंगताना त्याची नक्कल होते. हा मजकूर तीन-तीन अक्षरांचे शब्द करून वाचला जातो. समजा मजकूर आहे, "कमल गगन सदन नगर पवन भजन". यातली "म" आणि "ल" ही दोनच अक्षरे गळाली, पण वाचणारा तीन-तीनचाच हिशेब धरून बसला, तर तो वाचेल, "कगग नसद ननग रपव नभज". दोन अक्षरे गेली आणि पुढचा सगळा मजकूर फुकट. ही कल्पना मी रचलेली नाही. बीआरसीए-१ मधला पूर्व युरोपातील ज्यू लोकांत आढळणारा एक प्रसिद्ध दोष अगदी असाच आहे. दोन अक्षरे गळतात, वाचन घसरते आणि थोड्याच अंतरावर अवेळी पूर्णविराम येतो. प्रथिन तयारच होत नाही.

या प्रथिनाचे काम दुरुस्तीचे. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले तर ते बिनचूक सांधणाऱ्या पथकातले हे एक. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम निभावते. म्हणूनच दोष घेऊन जन्मलेली मुलगी इतरांसारखीच वाढते, शाळेत जाते, फुगड्या घालते. वर्षानुवर्षांनी एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही बिघडते, आणि मग त्या पेशीत चुकांची दुरुस्ती नीट होत नाही. एक चूक दुसरीला वाट करून देते. याच्या जोडीला टीपी-५३ हे आणखी एक जनुक. त्याचे काम तपासनिसाचे, बिघडलेल्या पेशीला पुढे जाऊ न देण्याचे. अंडाशयाच्या कर्करोगाचा जो सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत जीवघेणा प्रकार, त्यात हे जनुक जवळजवळ हमखास बिघडलेले असते. २०११ साली अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहणीत शंभरातल्या ९६ गाठींत हा बिघाड सापडला. दुरुस्ती करणारा आणि तपासणारा, दोन्ही जनुके सतराव्या गुणसूत्रावरच असतात. एकाच दप्तरात म्हणा ना.

सर्वसाधारण बाईला आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास. बीआरसीए-१ चा दोष असेल तर ती शंभरात चाळीसच्या वर जाते. बीआरसीए-२ चा असेल तर शंभरात सतराच्या आसपास. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर याहूनही मोठा. दोष असला म्हणजे रोग झालाच असे नाही. पण हा आकडा एखाद्या घराण्याच्या पाठीशी पिढ्यान् पिढ्या बसला की काय होते, ते माझ्या भिंतीवर टाचलेले होते.

आता या रोगाची मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट सांगतो. ज्याला आपण अंडाशयाचा कर्करोग म्हणतो तो बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही.

डॉक्टरांचा समज अनेक वर्षे असा होता की अंडाशयाच्या पृष्ठभागावर दर महिन्याला अंडे बाहेर पडताना जखम होते, ती भरून येताना कधीतरी बिघाड होतो. १९७१ साली इजिप्तचे डॉक्टर महमूद फतहल्ला यांनी हा विचार नीट मांडला. त्यात तथ्य होते. ज्यांना मुले जास्त त्यांना हा रोग कमी, हेही त्यात बसत होते. अडचण एकच होती. अंडाशयावर या रोगाची सुरुवातीची पायरी शोधायला जावे तर ती सापडत नसे. रोग सापडे तो पसरलेलाच.

ती पायरी सापडली ती शेजारी. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना ज्या नळ्या असतात, फॅलोपियन ट्यूब, त्यांचे वर्णन इटलीच्या फालोप्पियो नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १५६१ साली केले. त्याला त्यांचा आकार तुतारीसारखा वाटला. तुतारीचे तोंड अंडाशयाच्या बाजूला असते आणि त्याला झालरीसारखी नाजूक बोटे असतात. बीआरसीएचा दोष असलेल्या बायका रोग होण्याआधीच अंडाशये आणि नळ्या काढून घेऊ लागल्या, तेव्हा हे अवयव वरवर निरोगी असताना प्रथमच तपासायला मिळाले. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा नळ्यांत बिघडू लागलेल्या पेशी दाखवल्या. मग बोस्टनच्या क्रिस्टोफर क्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळीच्या झालरीचे अगदी बारीक काप करून तपासण्याची रीत घालून दिली, आणि त्या झालरीत कर्करोगाचे ठिपके मिळू लागले. डोळ्यांना न दिसणारे, सूक्ष्मदर्शकाखालीच कळणारे. तिथून सुटलेल्या पेशी शेजारच्या अंडाशयावर पडतात, रुजतात आणि वाढतात. एखाद्या फाईलची दखल जिथे ती सापडली त्या खात्यात घेतली जावी, पण पहिले टिपण दुसऱ्याच खात्यात झालेले असावे, तसा हा प्रकार.

२०१७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी नऊ बायकांच्या नळीतले ठिपके आणि अंडाशयातल्या गाठी यांच्यातली अक्षरे जुळवून पाहिली. कुठली चूक आधीची, कुठली नंतरची, हे अक्षरांवरून लावता येते. आमच्याकडे जुन्या दस्तांच्या दोन नकलांतल्या चुका पाहून कुठली कुणावरून उतरवली ते ओळखतात, तसेच. त्यांचा अंदाज असा निघाला की नळीतला ठिपका आणि अंडाशयातली गाठ यांच्यात सरासरी साडेसहा वर्षांचे अंतर असते. त्यानंतर मात्र पसरायला फार वेळ लागत नाही, सुमारे दोन वर्षे.

साडेसहा वर्षे हे वाचले आणि मी हिशेब करत बसलो. नऊ बायकांच्या सरासरीवरून एका बाईचे काही सांगता येत नाही, हे मला कळते. तरी मन हिशेब करतेच. २०२२ मधून साडेसहा वजा केली की २०१६ च्या आसपास येते. त्या वर्षी माझे वडील वारले. बाराव्याला ही बहीण बेळगावहून आली होती, चांगली धडधाकट, आणि पंगतीत सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होती.

मग त्या साडेसहा वर्षांत तो ठिपका का कळू नये? कारण तो सोनोग्राफीत दिसत नाही आणि रक्तातही उमटत नाही. इंग्लंडमध्ये याचा फार मोठा प्रयोग झाला. दोन लाखांहून अधिक बायका घेतल्या, काहींची दरवर्षी सीए-१२५ नावाची रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी केली आणि वर्षानुवर्षे वाट पाहिली. २०२१ साली निष्कर्ष आला. अशा तपासणीने या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे यंत्र अजून तिथवर पोचत नाही. ज्या बाईला काहीही होत नाही तिच्याबद्दल आधी सावध करू शकणारी एकच साधी गोष्ट आज हाताशी आहे, आणि ती म्हणजे तिच्या आईची, आजीची, मावशी-आत्याची हकीकत.

ही हकीकत ज्यांनी लिहून ठेवली त्यांच्यामुळेच हे शास्त्र सुरू झाले. पॅरिसचे पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या बायकोच्या माहेरची चार पिढ्यांची वंशावळ छापली, तीत स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या बायकांची रांगच होती. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शिवणकाम करणाऱ्या एका बाईने डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितले की आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. डॉक्टरांनी तिला हसून घालवले नाही. त्यांनी तिच्या घराण्याचा अभ्यास केला आणि १९१३ साली तो छापला. त्या बाईला पुढे गर्भाशयाचाच कर्करोग झाला. त्या घराण्यातला दोष वेगळ्या जनुकातला निघाला, पण त्यानेही अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर कुठे असावे ते दाखवले, तेही २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांच्या वंशावळी मांडून. जनुकाचा मजकूर हाती आला तो त्यानंतर, १९९४ मध्ये. ज्या वर्षी आमची आत्या गेली त्याच वर्षी.

कागद तयार झाल्यावर खरी कठीण गोष्ट सुरू झाली. तो नातेवाइकांना दाखवायची.

बायकांचा रोग म्हटल्यावर लोकांना वाटते तो आईकडूनच येणार. पण बापाकडे दोन प्रती असतातच, आणि त्यांतली एक तो मुलाला तशीच मुलीला देतो. माझे वडील आत्याचे सख्खे भाऊ. दोष आजीकडून त्यांच्याकडे आलेला असण्याची शक्यता अर्धी, आणि आलेला असेल तर तो माझ्याकडे येण्याची पुन्हा अर्धी. पुरुषांनाही या दोषाने काही धोका वाढतो, पण बायकांच्या मानाने फार कमी. वडील ७८ वर्षे जगले, दुखणे असे माहीत नाही. अशा माणसाच्या हातून दोष पुढच्या पिढीत जातो आणि मधली पिढी कोरी दिसते, म्हणून कुणाला संशय येत नाही.

एका चुलतभावाने कागद हातात घेतला, पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. "असले करून घराण्याची अब्रू कशाला काढतोस? मला दोन मुली उजवायच्या आहेत." त्याचे म्हणणे मी मनातून झटकू शकलो नाही. पत्रिका बघून, गोत्र बघून, आणि आता घरात काय दुखणी आहेत ते विचारून सोयरीक जुळते. अशा बाजारात हा कागद कुणाच्या हाती पडला तर किंमत मुलींनाच मोजावी लागेल, हे त्याला कळत होते. त्याने सांगितल्यावरून त्याच्या घरातल्या वर्तुळांत मी नावे घातली नाहीत. त्यांच्या घरी पुढे काय झाले ते सांगण्याचा अधिकार मला नाही.

माझी सख्खी बहीण त्या वर्षी ४४ ची. तिने कागद पाहिला, आजीच्या वर्तुळावर बोट ठेवले आणि विचारले, "तपासणी कुठे करतात?" आम्ही दोघांनी रक्त दिले. घराण्यातला दोष नेमका कुठे आहे ते एकदा कळले की बाकीच्यांची तपासणी सोपी होते, तेवढीच जागा पाहायची असते. माझा अहवाल आधी आला. दोष नाही. माझ्या मुलीला आता या वाटेने काही नाही. आठ दिवसांनी बहिणीचा आला. दोष आहे. एकाच आईबापाची आम्ही दोघे, नाणे एकाच हाताने दोनदा उडवलेले.

मी तिला काय म्हणावे याचा विचार करत बसलो होतो, आणि तीच म्हणाली, "बाबांनी तुला महाजनकी दिली, मला हे दिले." आणि हसली. मला हसता आले नाही.

समुपदेशक बाईंनी तिला घाई केली नाही. बीआरसीए-१ असेल तर मुले झाल्यावर, साधारण ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशये आणि नळ्या काढून घ्याव्यात असा सल्ला देतात. तिचे वय त्याच्या पुढे गेलेले. या ऑपरेशनने धोका सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो, पण ते फुकटचे नाही. पाळी एका दिवसात संपते. अंगाची लाही होते, झोप उडते, हाडांची काळजी घ्यावी लागते, आणि चारचौघींत कारण सांगता येत नाही. अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये हे ऑपरेशन करून घेतल्यावर वर्तमानपत्रात उघड लेख लिहिला होता. आमच्याकडे बहिणीने शेजारणींना "फायब्रॉइड होते" असे सांगितले. स्तनांची तपासणी तिला आता दरवर्षी करावीच लागते.

काढलेल्या नळ्यांच्या झालरीचे बारीक काप करून तपासले की नाही, हे तिने डॉक्टरांना स्वतःहून विचारले. केले होते. अहवालात काही सापडले नव्हते. सरकारी कचेरीत आम्ही महिनाअखेरी तक्ते पाठवतो आणि कळवायला काहीच नसेल तर तिथे एक शब्द लिहितो, निरंक. वर्षानुवर्षे मी तो शब्द न बघता लिहीत आलो आहे. त्या दिवशी अहवाल वाचताना तो मनात आला, आणि कारकुनी भाषेत इतका सुंदर शब्द असेल असे मला कधी वाटले नव्हते.

आतेबहिणीचे सांगायचे तर तिला या दोषाचाच एक उपयोग झाला. ज्या गाठीत दुरुस्तीचे एक पथक आधीच बंद पडले आहे, तिथे दुसरेही बंद पाडले की पेशी तग धरत नाही, या तत्त्वावर ओलापारिब नावाची गोळी आहे. अमेरिकेत तिला २०१४ साली मान्यता मिळाली. बहिणीने ती दोन वर्षे घेतली. सध्या बरी आहे, नेमाने तपासणीला जाते. पुढचे बोलत नाही आणि आम्हीही विचारत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अंडाशयाच्या शंभर कर्करोगांतले पंधरा-वीसच असे वारशाने आलेले असतात. बाकीच्यांत बिघाड त्या एकट्या बाईच्या आयुष्यातच होतो. त्यांच्यासाठीही नळीच्या शोधाचा उपयोग होऊ लागला आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून, दुसऱ्या कारणासाठी पोटाचे ऑपरेशन होतच असेल आणि मुले नको असतील तर नळ्याही काढाव्यात, अंडाशये मात्र ठेवावीत, असा प्रघात पाडला गेला. गर्भाशय काढताना किंवा कुटुंबनियोजनाच्या वेळी आपल्याकडच्या बायकांनीही हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. आणि पोट फुगणे, दोन घासांत भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे असे दोन-तीन आठवडे रोज होऊ लागले तर ॲसिडिटी म्हणून सोडून देऊ नये.

हे सगळे मी बहिणीला आणि आतेबहिणीला वाचून दाखवून मगच लिहिले आहे. गावाचे आणि माणसांचे नाव घालू नकोस, बाकी लिही, असे दोघी म्हणाल्या. आजीला विचारणे शक्य नव्हते. पण वाड्यावरच्या बायका ज्याला हसल्या ते काय होते, एवढे तरी तिच्या नावावर नोंदले जावे असे मला वाटले.

आता चवथ येईल. मुंबई, पुणे, बेळगाव, आखातातले सगळे मूळ घरी जमतील. माटोळी बांधून झाली, आरत्या झाल्या, दुपारी पाने उचलली की बायका मागच्या पडवीत पाय पसरून बसतात आणि जुन्या गोष्टी निघतात. त्या वेळी एक कागद घेऊन बसावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे, कोण कशाने गेली, कितव्या वर्षी गेली, तिचे माहेर कुठले, माहेरचे नाव काय. बापाच्या बाजूचेही विचारावे. "पोटाचे दुखणे" असे उत्तर आले तर तिथे थांबू नये, पोट कसे दिसत होते ते विचारावे. दोन-तीन काळी वर्तुळे जवळजवळ आली, आणि ती पन्नाशीच्या आतली असली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि शक्यतो ज्या बाईला रोग झाला आहे तिची तपासणी आधी करावी. आमची काकी गेल्या वर्षी वारली. मी गेलो त्या दिवशी गेलो नसतो, तर हे सांगायला आता कुणी नव्हते.